भृतकाध्यापकाचे मन

मनुष्य एखादी गोष्ट पैशासाठी करीत असला, तर ते तो सहसा चारचौघांत सांगत नाही. वैद्य रुग्णसेवेचे नाव पुढे करतो, वकील न्यायाचे. आणि लेखकही मानधनाचा विषय निघाला की खिडकीबाहेर पाहू लागतो. शिक्षकाची गोष्ट तर ह्याहूनही नाजूक, कारण विद्या विकू नये ही शिकवण आपल्याकडे फार जुनी आहे. असे असता शिक्षकांचा एक वर्ग आम्ही असा पाहिला, की ‘तुम्ही येथे का आलात?’ हे वाक्य विचारणाराच्या तोंडून पुरे होण्याच्या आतच तो ‘पैशासाठी’ असे उत्तर देतो, आणि वर मोकळेपणाने हसतो. हा वर्ग म्हणजे आखाती अरब देशांत इंग्रजी शिकविण्यास गेलेले परदेशी शिक्षक.

आम्हीही सहा वर्षे त्यांच्यात होतो. ओमानच्या अंतर्भागातील एका गावी, उघडे डोंगर आणि खजुरीच्या बागा ह्यांच्यामध्ये, एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलामुलींस इंग्रजी शिकवून आम्ही स्वदेशी परत आलो. मुलीचे शिक्षण आणि घरावरचे कर्ज अशी दोन कारणे आम्ही बरोबर नेली होती, आणि हेच एकशब्दी उत्तर आम्हीही शंभरदा दिले होते. परत आल्यावर मात्र त्या उत्तराविषयी आम्हांस शंका येऊ लागली. ते खोटे होते असे नव्हे. ते इतके खरे होते, की त्याच्या आड दुसरे काहीही सहज लपविता आले असते.

प्रथम हे शिक्षक तेथे लागतात तरी का, ते पाहू. १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा साऱ्या ओमानात नव्या धर्तीच्या शाळा होत्या तीन, आणि त्यांत शिकणारे मुलगे हजाराच्या आतच. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच देशाने स्वतःचे विद्यापीठ उघडले. इतक्या वेगाने धावणाऱ्या समाजास शिक्षक घरचे कोठून मिळणार? शेजारच्या देशांचीही थोड्याफार फरकाने हीच कथा. शाळा अरबीतून चालतात. परंतु वैद्यक, अभियांत्रिकी, संगणक हे विषय बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकविले जातात. ह्या दोहोंमध्ये जी दरी पडते, ती ओलांडण्यासाठी महाविद्यालयाच्या दारातच एक पायाभूत वर्ष ठेवलेले असते, आणि त्या वर्षाचा सेतू परदेशी शिक्षकांच्या खांद्यांवर उभा असतो. हा सेतू असावा की नसावा, ह्याविषयी तेथेही एकमत नाही. कतार विद्यापीठाने २०१२ मध्ये कायदा, वाणिज्य इत्यादी काही शाखा इंग्रजीतून काढून पुन्हा अरबीकडे वळविल्या, तेव्हा अनेक इंग्रजी शिक्षकांस आपली गरज किती क्षणभंगुर आहे ह्याची जाणीव झाली.

देणे उदार असते, ह्यात शंका नाही. वेतनावर प्राप्तिकर नाही. (ओमानने ४२,००० रियालांवरील वार्षिक उत्पन्नावर पाच टक्के कर २०२८ पासून घेण्याचे २०२५ मध्ये ठरविले आहे, आणि आखातात असा कर घोषित करणारा तो पहिला देश होय, पण इतके वेतन शिक्षकास क्वचितच असते.) राहण्यास घर किंवा घरभाडे, वर्षाकाठी मायदेशी जाण्यायेण्याचे विमानाचे तिकीट, आणि नोकरी सुटताना उपदान. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्याने पहिली पाच वर्षे दर वर्षामागे एकवीस दिवसांचे मूळ वेतन आणि पुढील दर वर्षामागे तीस दिवसांचे, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब इंग्रजीचा प्रत्येक शिक्षक तोंडपाठ सांगू शकतो. व्याकरणाच्या एखाद्या सूक्ष्म नियमाबद्दल ते कदाचित अडखळतील, ह्याबद्दल कधीच नाही.

आणि ओढण्याइतकेच मागून ढकलणारेही असते. आमच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या आयरिश बाई ज्या वर्षी शिक्षिका झाल्या, त्या २०११ सालापासून त्यांच्या देशात नव्याने लागणाऱ्या शिक्षकांची वेतनश्रेणी जुन्यांपेक्षा कमी करण्यात आली होती. एकाच शाळेत, एकाच भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे, एकाच कामाचे दोन दर. घरासाठी थोडी रक्कम साठवावी म्हणून त्या दोन वर्षांकरिता आल्या. रक्कम साठली तोवर तिकडे घरांच्या किमती पुढे गेल्या, मग आणखी दोन वर्षे. आम्ही निघालो तेव्हा आठवे चालू होते. इंग्लंडहून येणाऱ्या तरुणांच्या डोक्यावर विद्यापीठाचे ऋण असे. तेथील वार्षिक शुल्काची मर्यादा २०१२ मध्ये नऊ हजार पौंडांपर्यंत गेली, त्यानंतरची ही पिढी. दक्षिण आफ्रिकेचे एक गृहस्थ दोन मुलांच्या शिक्षणाचा खर्च पाठवीत. आणि मग साठीच्या घरातले, ज्यांस स्वदेशात कोणी दारात उभे केले नसते असे. घटस्फोटानंतर घर गमावलेले. स्वतःच्या देशातील उद्धट वर्गांना कंटाळून, शिक्षक आत येताच उठून उभा राहणारा वर्ग पाहण्यास आसुसलेले. ही कारणे सांगायची झाल्यास आवाज खाली आणावा लागतो. ‘पैशासाठी’ हे उत्तर त्या मानाने सभ्य आहे. लोक एरवी लोभ लपवितात. येथे लोभाच्या मागे लपतात.

आता ह्या लोकांस कोणत्या मापाने मोजावे? आपले जुने माप फार कडक आहे. मनुस्मृतीने श्राद्धास न बोलाविण्याच्या ब्राह्मणांची जी यादी दिली आहे, तिच्यात वेतन ठरवून शिकविणारा भृतकाध्यापक आहे, आणि अशा शिक्षकाकडून शिकलेला शिष्यही आहे. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’त केवळ उपजीविकेसाठी विद्या बाळगणाऱ्यास ज्ञानाचा व्यापारी म्हणविले, मौज अशी, की हे उद्गार ज्या नाट्याचार्याच्या तोंडी आहेत तो स्वतः राजाचा वेतनभोगी आहे, आणि ह्या लोकांस फुकट पगार कशाला द्यायचा, अशी कुरकुर विदूषक त्याच अंकात करतो. ग्रीसमध्ये प्लेटोने ‘प्रोटागोरस’ संवादात गावोगाव फिरून शुल्क घेणाऱ्या सोफिस्टांची गणना आत्म्याच्या अन्नाचे घाऊक आणि किरकोळ विक्रेते अशी केली. म्हणजे फिरता, परदेशी आणि पगारी शिक्षक हा संशयास्पद प्राणी आहे, ह्यावर दोन प्राचीन संस्कृतींचे एकमत दिसते.

मराठी मनुष्याच्या मनात ह्या मापाची एक जवळची आवृत्ती आहे. एम्. ए. झालेल्या आगरकरांनी मोठ्या पगाराची आशा सोडण्याविषयी आईस लिहिलेले पत्र आमच्या पिढीने लहानपणीच ऐकले; १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे शिकवावयाचे, हा करारही ऐकला. गोखले त्याच पंचाहत्तर रुपयांचे. ह्या चित्रासमोर करमुक्त वेतनाचे आकडे मांडले की ते ओशाळवाणे दिसू लागतात. ओमानला निघण्यापूर्वी आम्हांसही ते तसेच दिसले होते, आणि आम्ही चित्राकडे पाठ करून बॅग भरली होती.

परंतु त्या चित्रात एक गोष्ट गृहीत आहे, तिकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. आगरकरांचा त्याग स्वतःच्या समाजासाठी होता. त्यांनी जे सोडले ते ज्यांच्यासाठी सोडले, त्यांच्याच गल्लीत त्यांचे घर होते. ते लोक त्यांचा द्वेष करीत, त्यांची प्रेतयात्रा काढीत, तरी त्यांना ‘तुमचा परवाना संपला, आता जा’ असे म्हणू शकत नव्हते. आयर्लंडच्या एका बाईने ओमानच्या डोंगरातील मुलांसाठी पंचाहत्तर रुपयांवर राहावे, अशी अपेक्षा कोणत्या नात्याने करावयाची? परक्याच्या लेकरांस शिकविणाऱ्याकडून त्यागाची मागणी करण्याचा अधिकार कोणास आहे, हे आम्हांस अद्याप कोणी सांगितलेले नाही.

त्याग नको, निदान प्रामाणिकपणा हवा, असे कोणी म्हणेल. येथे कांटच्या दुकानदाराची आठवण होते. १७८५ च्या आपल्या ग्रंथात कांटने असा दुकानदार कल्पिला आहे, की जो अजाण मुलालाही योग्य दरानेच माल देतो, कारण तसे केल्याने धंदा टिकतो. त्याचे वर्तन कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यबुद्धीने घडलेले नाही, म्हणून त्याला नैतिक मोल नाही, असा कांटचा निर्णय. मुलाला मात्र त्याचे काय? त्याच्या हाती माल बरोबर पडला. आमच्या अध्यापक-कक्षातील बहुतेकांचे तत्त्वज्ञान हेच होते: आम्ही कशासाठी आलो ते विचारू नका, तास घेतो की नाही ते पाहा.

दुकानात हे तत्त्वज्ञान पुरते. वर्गात ते अपुरे का पडते, हे कळण्यासाठी वह्यांचा एक गठ्ठा तपासावा लागतो. चाळीस निबंध आहेत, विषय ‘माझे गाव’, आणि रात्रीचे दहा वाजले आहेत. एका मुलीने लिहिले आहे की तिच्या गावचे पाणी फलजातून, म्हणजे डोंगरातून आणलेल्या जुन्या कालव्यातून येते, आणि त्या पाण्याची पाळी तिचे आजोबा सावलीवरून ठरवीत. वाक्यात सात चुका आहेत. त्या सातांवर लाल रेघ मारून दहापैकी चार गुण देता येतात. अथवा थांबून, तिला जे म्हणावयाचे आहे ते ह्या परक्या भाषेत कसे म्हणावे, हे समासात दोन ओळींत लिहिता येते. पहिल्यास अर्धे मिनिट लागते, दुसऱ्यास सहा. दोन्ही प्रकारे वही ‘तपासलेली’ असते. कोणताही निरीक्षक, कोणतीही परीक्षा, वर्षाखेरीस मुलांकडून भरून घेतलेले कोणतेही मत-पत्रक ह्या साडेपाच मिनिटांचा हिशेब लावू शकत नाही. दुकानदाराची नाणी मोजता येतात. ही मिनिटे शिक्षक एकटाच मोजतो, आणि ती देताना तो पगाराचा विचार करीत नसतो. ती न देताना मात्र बहुधा करीत असतो. ‘मी पैशासाठी आलो’ हे वाक्य अशा रात्री फार उपयोगी पडते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. किती वह्या आम्ही त्या वाक्याच्या आधाराने मिटल्या, तो आकडा सांगण्याची आम्हांस लाज वाटते.

उलट, उदात्त हेतूची हमी तरी कोठे आहे? एक अमेरिकन तरुण अरब संस्कृतीच्या प्रेमाने आला होता. अरबी शिकला होता, पगाराविषयी बोलणाऱ्यांचा त्यास राग येई. मुले त्याच्या कल्पनेतल्या अरबांसारखी नव्हती. ती मोबाईलवर फुटबॉल पाहत, गृहपाठ एकमेकांचा उतरवीत. नोव्हेंबरात तो डोळे पुसत निघून गेला, आणि त्याचे दोन वर्ग तिघांत वाटले गेले. त्या मुलांच्या वाट्याला वर्षभरात चार शिक्षक आले. पैशासाठी आलेले तिघे वर्षाखेरपर्यंत तेथेच होते.

तेव्हा हेतू शुद्ध की अशुद्ध, हा प्रश्न आम्हांस हळूहळू गौण वाटू लागला. येताना घेऊन आलेला हेतू पुढे बदलू शकतो की नाही, हा खरा प्रश्न. ह्या मासिकाचे वाचक तो सहज समजतील, कारण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणांपैकी पुष्कळांचा कोणी तरी पूर्वज शिंदे, होळकर वा गायकवाड ह्यांच्या चाकरीत, पगारासाठीच, घर सोडून निघाला होता. तो ग्वाल्हेरच्या प्रेमाने गेला नव्हता. नर्मदेपलीकडचे पाणी त्याला मानवत नव्हते, आणि घरी पाठविलेल्या पत्रांत त्याने त्या मुलखाची निंदाच केली असेल. परंतु त्याला राहू दिले गेले. त्याने विहीर खणली, मुलीचे लग्न तेथेच केले, देवळाला वर्गणी दिली. आणि ज्या गावी तो पोटासाठी आला, ते त्याच्या नातवंडांचे गाव झाले. पगाराचे प्रेमात रूपांतर केव्हा झाले, त्याची तारीख कोणत्याही बखरीत नाही. त्याला वेळ लागतो एवढे खरे.

आखातात हा वेळच दिला जात नाही. करार एका-दोन वर्षांचे, रहिवासाचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की थोड्या दिवसांत देश सोडावयाचा. नियम अलीकडे बरेच सैल झाले आहेत, हे सांगितलेच पाहिजे. ओमानात मालक बदलण्यासाठी जुन्या मालकाचे ना-हरकत पत्र लागे, ती अट २०२१ पासून गेली. अमिरातीने २०१९ पासून दीर्घ मुदतीचे परवाने काढले आहेत. पण नागरिकत्व जवळजवळ कोणासच मिळत नाही, आणि परक्याने कितीही वर्षे काढली तरी तो पाहुणाच. ह्याचे सर्वांत दुःखद उदाहरण इंग्रजीच्या शिक्षकांचे नाही. कुवेतने १९३६ मध्ये पॅलेस्टाइनहून शिक्षक आणले. त्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी त्या देशाच्या शाळा अक्षरशः उभ्या केल्या. भाषा एक, बहुतेकांचा धर्म एक, दोन-दोन पिढ्या तेथे जन्मलेल्या. १९९०-९१ च्या युद्धात त्यांच्या नेत्यांनी इराकची बाजू घेतली, आणि तीन लाखांहून अधिक पॅलेस्टिनींस कुवेत सोडावे लागले. ज्यांनी एका राष्ट्रास लिहावयास शिकविले त्यांच्या वाट्याला हे आले, तर कॉर्क किंवा कोचीन येथून आलेल्याने त्या भूमीत मन किती गुंतवावे?

म्हणून ‘पैशासाठी आलो’ हे उत्तर आम्हांस आता कबुलीपेक्षा चिलखत वाटते. जूनमध्ये करार वाढेल की नाही हे मे महिन्यातही ठाऊक नसलेल्या मनुष्याने आपणांस येथे काही आवडते असे मान्य करणे धोक्याचे असते. नोकरी देणाऱ्यासही हे उत्तर सोयीचे. कारण जो पैशासाठीच आला, त्याला पैसे चुकते केले की दुसरे देणे उरत नाही. दोन्ही पक्षांनी एका अर्धसत्यावर सही केलेली असते. त्या कागदावर विद्यार्थ्याची सही नसते, आणि त्याची किंमत मात्र तोच भरतो.

ह्या उत्तरात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती आम्हां हिंदी शिक्षकांस अधिक टोचे. पुष्कळ जाहिरातींत ‘जन्मजात इंग्रजी बोलणारा’ हवा असे म्हटलेले असते, आणि त्याची कसोटी जीभ नसून पारपत्र असते: ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. पंचवीस वर्षे शेक्सपिअर शिकविलेला मनुष्य ह्या यादीबाहेर जन्मला, तर यादीत जन्मलेल्या पंचविशीतल्या मुलाहून त्याचे वेतन कमी. आपणांस हे नवे नाही. जगदीशचंद्र बसू १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले तेव्हा युरोपियनांपेक्षा कमी वेतन देऊ केले गेले. त्यांनी शिकविणे सोडले नाही, वेतन घेणे सोडले, आणि तीन वर्षे घेतले नाही. आम्हीही पुष्कळदा ही कथा अध्यापक-कक्षात आवेशाने सांगितली. वेतन मात्र दर महिन्याच्या पंचवीस तारखेस घेतले. आणि आवेशाने बोलत असताना ज्याने आमच्या टेबलावरचे पेले उचलून नेले, तो बांगलादेशचा सफाई-कामगार घरापासून आमच्याइतकाच दूर होता, पगार आमच्या कित्येक पटींनी कमी घेत होता, आणि ‘तू येथे का आलास?’ असा नैतिक प्रश्न त्यास सहा वर्षांत कोणीही विचारला नाही. आम्हीही नाही.

शेवटी एका गृहस्थांविषयी सांगावयाचे आहे. ते इंग्रज होते, वय बासष्ट, बोलणे तिखट. लिबियात शिकवीत असता २०११ च्या यादवीत सर्व पुस्तके टाकून त्यांस पळावे लागले होते. तेव्हापासून ते दोन बॅगांत मावेल इतकाच संसार ठेवीत. ‘पैशासाठी’ हे उत्तर त्यांच्याइतक्या मोठ्याने कोणी देत नसे, आणि उपदानाचा हिशेब दिवसापर्यंत त्यांस पाठ असे. नवीन आलेल्या कोणी मुलांचे कौतुक केले की ते त्याची थट्टा करीत. वयामुळे त्यांचा करार वाढला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात काम संपले, हिशेब चुकता झाला.

अरबीत ‘प’ हा ध्वनी नाही. त्यामुळे आमची मुले ‘पेपर’ला ‘बेबर’ म्हणत, आणि ‘पार्किंग’चे ‘बार्किंग’ करीत. ह्यावर एक जुना उपाय आहे: ओठांपुढे कागदाची पट्टी धरून शब्द उच्चारावयाचा, पट्टी फडफडली तर ‘प’, स्थिर राहिली तर ‘ब’. तिसऱ्या आठवड्यात आम्ही काही कागद नेण्यासाठी महाविद्यालयात गेलो. बाहेर सेहेचाळीस अंशांचे ऊन, इमारत रिकामी. एका खोलीतून हसण्याचा आवाज आला. फेरपरीक्षेस बसणारी पाच मुले आणि ते गृहस्थ तेथे होते. प्रत्येकाच्या हातात कागदाची पट्टी होती. आम्हांस दारात पाहून ते किंचित रागावल्यासारखे झाले, आणि आम्ही काही विचारण्यापूर्वीच म्हणाले, ‘तिकीट उद्याचेच मिळाले. नाही तर कोण थांबतो?’

त्यांचे तिकीट काढण्यास आम्हीच त्यांच्याबरोबर गेलो होतो. ते दोन आठवड्यांपूर्वीचे होते. आम्ही होय म्हटले आणि कागद घेऊन निघालो. मागे पट्ट्या पुन्हा फडफडू लागल्या होत्या.